घरी ओवलेली काळी पोत

मण्यांचे दागिने घरी करून बघायचे असतील, तर सुरुवात काळ्या पोतीने करावी असं माझं मत. पूर्वी हे काम पटवेकरी करून देत. काचेच्या बारीक मण्यांना नंबर असतो आणि तो उलटा चालतो: 8 नंबरचा मणी साधारण 3 मिलिमीटरचा, 11 नंबरचा 2 मिलिमीटरचा. पहिल्या खेपेला 8 नंबरच घ्या, डोळे दुवा देतील.

शिवणाचा सुती दोरा मात्र नको. मण्याच्या भोकाची कड धारदार असते, ती दोरा हळूहळू कापते आणि एक दिवस भर लग्नात मणी फरशीवर! नायलॉनचाच दोरा घ्या. गळ्यालगतच्या पोतीला 16 इंच पुरतात. पण गाठींसाठी दोन्ही बाजूंना वीतभर जास्त ठेवा. ताटात जुना टॉवेल पसरून मणी ओता, म्हणजे घरंगळत नाहीत. दोऱ्याच्या टोकाला चिकटपट्टी लावायला विसरू नका.

मणी ओवून झाल्यावर फासा, म्हणजे पोत अडकवायची कडी, बांधताना दोरा फार ओढू नका, नाहीतर पोत ताठ राहते, गळ्याभोवती नीट वळत नाही. एका मण्याएवढी सैल सोडून गाठ मारा आणि उरलेलं टोक कापण्याआधी चार-पाच मण्यांतून मागे ओवून घ्या.