शरीराने बांधलेली तटबंदी

वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना माझी माँटू चाचणी झाली. हाताच्या कातडीत क्षयजंतूंच्या प्रथिनाचा थेंबभर द्राव टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी ती जागा पाहतात. माझ्या हातावर चांगली टणक, लाल गाठ आली. मी हादरलो. क्षय झाला, शिक्षण संपलं, आता घरी काय सांगू? पण छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. आमचे सर म्हणाले, ''अरे, घाबरतोस काय? शत्रू कोण हे तुझ्या सैन्याला ठाऊक आहे, एवढंच ही गाठ सांगते.''

हे सैन्य लढतं कसं? रुग्ण खोकला की क्षयजंतू हवेतून आपल्या फुप्फुसात शिरतात. तिथे भक्षक पेशी पहारा देत असतात. त्या जंतूंना गिळतात. पण या जंतूचं कवच मेणचट आणि चिवट. पोटात जाऊनही तो मरत नाही. उलट तिथेच वाढू लागतो. मग पेशी मदतीला हाक देतात. काही आठवड्यांत टी-पेशी येऊन पोहोचतात, भक्षक पेशींना बळ देतात आणि सगळ्या मिळून जंतूंभोवती कडं करतात. शत्रू मेला नाही तरी कोंडला जातो. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग होऊन गेला आहे, पण त्यातले पाच ते दहा टक्केच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांची तटबंदी जन्मभर टिकते.

ती ढासळते कधी? माझ्याकडे एक रिक्षावाले आले होते. महिनाभर खोकला, वजन उतरलेलं. तपासणीत क्षय निघाला आणि मधुमेहही. म्हणाले, ''डॉक्टर, वडिलांना हा रोग होता, पण त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मला आता कुठून आला?'' कदाचित तो तेव्हाच आला होता आणि कोंडून पडला होता. वाढलेल्या साखरेने पहारेकरी दुबळे केले. कुपोषण, तंबाखू, दारू, एचआयव्ही हेही असेच तट पाडतात.

दोन महिन्यांत त्यांचा खोकला थांबला आणि त्यांनी गोळ्याही थांबवल्या. चार महिन्यांनी परत आले ते धापा टाकतच. सुस्तावून दडलेले जंतू मारायला वेळ लागतो. म्हणून औषध निदान सहा महिने घ्यायचं असतं. दुसऱ्या खेपेला त्यांच्या पत्नीने रोज समोर उभं राहून गोळ्या दिल्या. ते बरे झाले.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचा जादा शिधा देऊन पाहिला गेला. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होतं. तांदूळ आणि डाळ हीदेखील तटबंदीची वीटच म्हणायची.

तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत मिळतं. घरात रुग्ण असेल तर इतरांसाठी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. आणि लाजू नका. शरीर आपल्यासाठी वर्षानुवर्षं न बोलता लढत असतं. त्याला कुमक पाठवणं एवढंच आपलं काम.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)