कृती लिहिल्याशिवाय सही नाही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी चहाच्या वेळी लक्षात आलं, आपल्या गप्पांत आता मुलांचे मार्क नाहीत. साखरेचे आणि बीपीचे आकडे आहेत. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं, म्हणून मला बोलायला उभं केलंत. पण सांगणार आहे ती माझीच चूक.

गेल्या मे महिन्यात रात्री जेवणाआधी यजमानांनी नातवंडांसाठी हापूस पिळले, हात फडक्याला पुसले आणि साखर तपासली. ग्लुकोमीटरवर ३१२! मीच म्हणाले, "इन्सुलिन चार युनिट जास्त घ्या." आकड्याच्या धास्तीने ते जेवलेही अर्धंच. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साबणाने हात धुऊन तपासलं, तर ५२. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पुढची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. मग ८१ आली. आधीच्या आकड्यात बोटाला लागलेला आमरसही मोजला गेला होता!

आपली प्रयोगवही आठवते? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. विज्ञानाच्या बाई कृती लिहिल्याशिवाय सही करत नसत. मी त्या रात्री कृती न विचारताच अनुमान काढलं.

उद्देश: यंत्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आकडा आल्यावर मी काय करायचं? उत्तर "नुसती काळजी" असेल, तर ती तपासणी नको.

साहित्य: बीपीचं यंत्र दंडाला पट्टा बांधायचं घ्या, पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा हवा. साखरेच्या पट्ट्यांची मुदत पाहा. डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

कृती: साखरेसाठी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बीपीसाठी अर्धा तास आधी चहा नको. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, गप्पा बंद. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

निरीक्षण: तारीख-वेळेसह वहीत लिहा. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली, तर दाखवायला हवं. चांगल्या ग्लुकोमीटरचा आकडाही लॅबपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. तेव्हा १४० आणि १५० यांत भांडण लावू नका.

अनुमान: ते डॉक्टरांसोबत. एका आकड्यावर औषध वाढवू नका, बंदही करू नका. आकडा आणि माणूस यांचा मेळ बसत नसेल, तर हात धुऊन पुन्हा तपासा. मात्र छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर यंत्र काहीही म्हणो, तडक दवाखाना गाठा.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. इतक्या वर्षांनी वही पूर्ण केली आहे. आता सही कराल ना?