घर पाहावे, संसार पाहू नये
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते शिक्षण, व्यापार, विवाहातील अनाठायी खर्च अशा थोर विषयांवर आपणांस उपदेश करीत आले आहेत. आम्ही पडलो जेमतेम मॅट्रिक झालेले, उभा जन्म प्राथमिक शाळेत पाढे घोकवून घेण्यात घालविलेले निवृत्त शिक्षक. चिटणीसांनी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आपल्या आवाक्यातील एखादा घरगुती विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. भाड्याने दिलेल्या घराची पाहणी मालकाने कशी करावी, हा तो विषय होय.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. परंतु या सभामंडपात बसलेल्यांपैकी किती घरांत एखादी तरी खोली भाड्याने दिलेली आहे, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून बदलीचे नोकरदार आले. पुढे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून मुले शिकावयास येऊ लागली, आणि आपण सर्वांनी परसात दोन खोल्या चढविल्या. आपल्या ज्ञातीतील कित्येक विधवा भगिनींचा व वृद्धांचा उदरनिर्वाह आज या भाड्यावरच चालतो. तेव्हा ज्या खोल्यांवर आपले पोट भरते, त्या खोल्यांत दुसऱ्याचे लेकरू निजते, हे विसरून कसे चालेल?

घरमालक दोन प्रकारे चुकतो. एक, घराकडे मुळीच न पाहून. आणि दुसरे, नको ते पाहून. पहिल्या चुकीचा आम्ही भोग घेतला आहे, व दुसरी आमच्या हातून घडली आहे. दोन्ही हकिगती थोडक्यात सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी तळोदे तालुक्यातील एका गावी आम्ही नोकरीस होतो. राहण्यास धाब्याचे घर मिळाले होते. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते गृहस्थ दरमहा एक तारखेस न चुकता येत. दिवे किती जळतात ते मोजीत, मोरीत पाणी किती सांडते ते पाहत, पाहुणा कोण आला याची चौकशी करीत. मात्र शिडी लावून धाब्यावर ते एकदाही चढले नाहीत. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो, पन्हाळी मोकळी करावी लागते, हे खानदेशातील माणसास सांगावयास नको. दोन वर्षे माती पडली नाही. पाणी मुरत राहिले, आणि वरून धडधाकट दिसणारी कडी आतून वाळवीने पोखरली गेली. आषाढातील एका दुपारी ती कडी मातीच्या ढिगासह खाली आली, ती नेमकी आमच्या धाकट्या मुलाच्या झोळीवर. मूल रडले म्हणून आमच्या कुटुंबाने त्यास नुकतेच उचलून घेतले होते. आज तो मुलगा स्वतः दोन मुलांचा बाप आहे. परंतु पावसाची पहिली सर आली की आमची दृष्टी अजूनही आढ्याकडे जाते.

आता दुसरी हकिगत. निवृत्तीनंतर आम्ही नंदुरबारास घर बांधले व मागील दोन खोल्या धडगावकडील दोन विद्यार्थ्यांस दिल्या. आमचा जन्म मुलांवर देखरेख करण्यात गेलेला. दर रविवारी सकाळी आम्ही हातातील वर्तमानपत्र ठेवून थेट त्यांच्या खोलीत जात असू. अंथरुणे आवरली आहेत का, चुलीवर काय शिजते आहे, कोण मित्र येऊन गेला, सारे विचारीत असू. यालाच आम्ही पाहणी समजत होतो. एके दिवशी त्यांच्यापैकी थोरला मुलगा मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, आमचं काही चुकलं का? चुकलं असेल तर सांगा, पण खोली सोडायला लावू नका.” आम्ही निरुत्तर झालो. त्याच आठवड्यात ध्यानी आले की, त्यांच्या खोलीतील विजेच्या बटणातून दोन महिने ठिणग्या उडत होत्या. त्या मुलांनी लाकडी काडीने बटण दाबून दिवस काढले होते. पण तक्रार केली तर गुरुजी रागावतील व घालवून देतील, या भयाने आम्हांस कळविले नव्हते. दर रविवारी आम्ही त्या बटणासमोर उभे राहून त्यांच्या चुलीकडे पाहत होतो!

बंधु-भगिनींनो, आमच्या सांगण्याचे सार या एका गोष्टीत आहे. घराचे दुखणे प्रथम कळते ते त्यात राहणाऱ्यास. त्याने निर्भयपणे सांगितले तरच ते मालकास कळते. जो मालक भाडेकरूच्या संसारावर नजर ठेवतो, त्यास भाडेकरू काहीच सांगत नाही. आणि मग मालक दररोज येऊनही आंधळाच राहतो. म्हणून घर पाहावे, संसार पाहू नये.

कायद्याचेही म्हणणे यापेक्षा वेगळे नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो जेथे लागू आहे, तेथे कलम २८ अन्वये मालकास पाहणीचा हक्क आहे. मात्र आगाऊ सूचना देऊन व वाजवी वेळीच. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. भाडेकरूने नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत दिल्यावरही मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. फक्त वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक कापता येत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरार कायदा नमुना म्हणून ठेवला, त्यातही घरात जाण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी सूचना द्यावी असे म्हटले आहे. सारांश, भाडे घेतले की त्या खोलीचा उंबरठा आपल्यापुरता परका झाला. किल्लीचा दुसरा जोड आपल्या खुंटीस असला, तरी तो आगीच्या किंवा पुराच्या वेळेसाठी आहे.

आता प्रत्यक्ष पाहणी कशी करावी ते सांगतो.

घर ताब्यात देण्यापूर्वी मालक व भाडेकरू यांनी मिळून एकदा सर्व खोल्या फिराव्या. भिंतींची स्थिती, दारे-खिडक्या, नळ, पंखे व मीटरचा आकडा कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्या, आणि रिकाम्या घराची छायाचित्रे काढून दोघांनी ठेवावी. करार लेखी करून नोंदवून घ्यावा. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच आहे. एवढे केले की घर सोडताना अनामत रकमेवरून होणारी निम्मी भांडणे जन्मासच येत नाहीत.

त्यानंतर वर्षातून दोन पाहण्या पुरेशा होतात. पहिली आखाजीनंतर, मृग लागण्यापूर्वी. आखाजीच्या दिवसांत माहेरवाशिणी आलेल्या असतात. त्या गेल्यावर जावे. दुसरी पाऊस सरल्यावर, दसरा व दिवाळी यांच्या दरम्यान. दोन-तीन दिवस आधी कळवून भाडेकरूच्या सोयीची वेळ विचारावी. जेवणाची, निजण्याची, पूजेची वा नमाजाची वेळ टाळावी. घरी स्त्री एकटी असेल तर आपल्या घरातील स्त्रीस बरोबर न्यावे. दाराबाहेर उभे राहून हाक द्यावी, आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न एकच विचारावा, “घरात आपणांस काय त्रास आहे?” कपाट, पेटी, डबे यांस हात लावू नये, आणि भाडेकरूच्या सामानाचे छायाचित्र घेऊ नये.

पाहणी वरून खाली करावी, कारण पाणीही वरून खालीच येते. प्रथम छप्पर. धाबे असेल तर माती व पन्हाळ पाहावी. स्लॅब असेल तर खालच्या बाजूस पोपडे सुटले आहेत का ते पाहावे. आतील लोखंड गंजले की फुगते व सिमेंट ढकलून देते. काठीने ठोकून पाहता पोकळ आवाज आला तर नुसता चुना फासून झाकू नये, जाणकारास दाखवावे. कड्या, तुळया, जिन्याच्या पायऱ्या यांस सुताराकडून टोचणीने तपासून घ्यावे. भिंतीस तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी. पुढील पाहणीत तडा रेघेपुढे गेला असेल तर तो वाढतो आहे हे शाळेतील मुलासही कळेल. खाली जोत्याशी ओल, लोणा, वाळवीची मातीची नळी पाहावी. २०१८ च्या ऑगस्टात रंगावली नदीच्या पुराने नवापुरात केवढा हाहाकार उडविला ते आपणांस आठवत असेल. नदी-नाल्याकाठच्या घरांचे जोते पाणी ओसरल्यावर अवश्य तपासावे.

दोन गोष्टी मात्र वाळवीहूनही घातक आहेत. एक वीज. अर्थिंग जिवंत आहे की नाही हे दरवर्षी वायरमनकडून पाहून घ्यावे, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे तीस मिलिअँपिअरचे उपकरण बसवावे. त्यावर तपासणीचे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहण्यास भाडेकरूस शिकवावे. दुसरी वस्तू गॅस. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांहून जुनी असू नये. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर तर कधीही बसवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या विषारी वायूस वास नसतो, रंग नसतो. आंघोळीस गेलेले माणूस हाक न मारताच कोसळते.

जे आढळेल ते वहीत लिहावे, त्यापुढे दुरुस्तीची तारीख घालावी, आणि ती पाळावी. पाहणी करून स्वस्थ बसणे हे न पाहण्याहून वाईट होय. मुंबईत भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून ३३ माणसे दगावली. ती इमारत धोकादायक असल्याचे कागदोपत्री आधीच नमूद होते. तरीही तीत माणसे राहत होती. कागदाने छप्पर तोलले जात नाही.

भाडेकरूसही कर्तव्ये आहेत हे आम्ही नाकारीत नाही. त्याने भाडे वेळेवर द्यावे, मोडतोड करू नये, बिघाड लपवू नये. परंतु तो लपवितो तो बहुधा भयाने, आणि ते भय घालविणे आपल्या हाती आहे. दुरुस्ती सांगितली म्हणून कोणासही घर सोडावयास लावू नये.

शेवटी एक बोचरी गोष्ट सांगतो. लहान तोंडी मोठा घास वाटल्यास क्षमा असावी. हे आपल्या ज्ञातीचे संमेलन आहे, म्हणूनच ती येथे बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. खोली देताना आपण आधी जात विचारतो, आणि दिल्यावर चुलीवर काय शिजते ते हुंगतो. ज्यास दुसरीकडे खोली मिळणार नाही असा डोंगरातील मुलगा ठिणगी उडणाऱ्या बटणाखालीही मुकाट राहतो. त्याचे ते मुकेपण आपण आपली शिस्त समजतो. उद्या त्या खोलीत काही विपरीत घडले तर त्याच्या आईस आपण काय उत्तर देणार? आमच्या कुटुंबाने एका क्षणाच्या अंतराने मूल उचलले, म्हणून आज आम्ही येथे उभे राहून बोलू शकलो. तो क्षण प्रत्येकाच्या वाट्यास येतोच असे नाही.

आमची आपणांस एकच विनंती आहे. येत्या आखाजीनंतर प्रत्येकाने आपल्या भाडेकरूस आगाऊ निरोप पाठवावा, शिडी लावून स्वतः छपरावर चढावे, किंवा वय झाले असल्यास गवंड्यास चढवावे. आमच्या त्या दोन खोल्यांत आता तिसरी जोडी राहते. पहिल्यांदा पाहणीस गेलो तेव्हा धाकट्या मुलाने आपण होऊन सांगितले, “गुरुजी, मोरीचा नळ गळतोय.” इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मिळालेल्या शाबासकीहून ते वाक्य आम्हांस अधिक मोलाचे वाटले.