सदऱ्याचा हिशेब

(संगमनेरच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



आज मी प्रयोगशाळेवर बोलणार आहे. हसू नका. मोर्चा आपल्याला येतो, बजेट वाचायला आपण कंटाळतो.

एका खुनात मी पंच होतो. पोराचा रक्ताळलेला सदरा माझ्यासमोर कागदात गुंडाळला, लाखेचं सील मारलं, चिठ्ठीवर माझी सही घेतली. वर्ष गेलं. सी.ए. रिपोर्ट नाही. त्याची आई भेटली की विचारते, 'बाबा, सदऱ्याचं काय झालं?' मी मान खाली घालतो.

आपलाच जिल्हा बघा. खर्डा, २८ एप्रिल २०१४. साक्षीदार फितले, नोव्हेंबर २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले. सोनई, १ जानेवारी २०१३. तिघांचे खून, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही. तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना दोषी ठरवलं.

साक्षीदाराला त्याच गावात राहायचं असतं, त्याच बांधावर मजुरीला जायचं असतं. तो फुटतो. रक्ताच्या डागाला गाव वाळीत टाकू शकत नाही. म्हणून प्रयोगशाळा हा आपला प्रश्न आहे.

कायदा कागदावर झकास. अॅट्रॉसिटीचा तपास ६० दिवसांत संपवून दोषारोपपत्र द्यायचं. १ जुलै २०२४ पासूनची नवी संहिता म्हणते, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी यावंच. पण त्यासाठी राज्यांना मुदत पाच वर्षांची! सांडलेलं रक्त पाच वर्षं थांबतं काय?

जून २०२४ ला केंद्रानं न्यायवैद्यक सुविधांसाठी २,२५४ कोटी मंजूर केले. अख्ख्या देशासाठी, २०२८-२९ पर्यंत. त्यातून केंद्राच्या प्रयोगशाळा आणि विद्यापीठाची आवारं उभी राहायचीत. कलिना, नागपूर, पुणे, नाशिक इथल्या प्रयोगशाळा राज्याच्या. त्या चालवायच्या राज्याच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत आपल्या आयांच्या तेलाचा कर आहे.

प्रयोगशाळा देव नाही, हेही सांगतो. सदरा उचलणारा हातच बेइमान असला तर यंत्र काय करील? म्हणून पंचनाम्याला उभे राहा. सील बघा, तारीख लिहून घ्या. आणि आमदाराला गाठून तीनच गोष्टी विचारा: किती जागा रिकाम्या? किती नमुने पडून? यंदा किती रुपये?

१९२७ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले होते. आपण त्यांचा फोटो डोक्यावर घेतो. आता आकडेही हातात घ्या.

त्या आईला मला उत्तर द्यायचंय.

जय भीम.