शरबताचे शरबतच राहावे
(भाषणाचा मजकूर)



तापीकाठच्या बुऱ्हाणपूर नगरीत मोगल घराण्यातील दोन राजपुत्रांचा मद्यापायी अंत झाला, ही गोष्ट तेथील शाही किल्ला पाहावयास जाणाऱ्यांस सहसा कोणी सांगत नाही. अकबराचा पुत्र दानियाल हा खानदेशाचा सुभेदार. त्याचे व्यसन सुटावे म्हणून त्याचे श्वशुर अब्दुर्रहीम खानखाना यांनी पहारे बसविले. तेव्हा राजपुत्राने बंदुकीच्या नळीतून दारू आणविली आणि तीच त्यास भोवली, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे १६२६ मध्ये खुद्द जहांगीराचा पुत्र परवीझ हाही याच नगरीत अतिमद्यपानाने मरण पावला. जेथे शाही पहारे निष्फळ ठरले, तेथे केवळ उपदेशाने कार्यभाग साधेल असे मानणे भोळेपणाचे होईल. पाहुण्याच्या हाती पेला द्यावयाचा असतोच. तो कशाने भरावा, एवढाच प्रश्न उरतो.

'शरबत' आणि 'शराब' हे दोन्ही शब्द 'पिणे' या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून निघालेले आहेत, आणि वस्तुस्थितीतही त्यांच्यात फारसे अंतर नाही. फळांच्या सालीवर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. पातळ गोड रस उबेत राहिला की ते साखरेचे मद्यार्कात रूपांतर करू लागतात. सातपुड्यातील मोहाचे फूल वाळवून खाल्ले तर ते अन्न; तेच भिजवून आंबविले की दारूची तयारी. बुऱ्हाणपुरात वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ही क्रिया वेगाने घडते. म्हणून मद्यरहित पेय करणे म्हणजे मुख्यतः ते आंबू न देणे होय.

बुऱ्हाणपूर हा २००३ मध्ये स्वतंत्र झालेला जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध. पण केळ्याच्या गरापासून पातळ पेय सहजी होत नाही. त्याहून उपयोगी आहे ती बांधावरची अंबाडी. तिची भाजी व भाकरी खानदेशात घरोघरी ठाऊक आहे, वाखाचे दोरही परिचयाचे आहेत. मात्र लाल अंबाडीच्या बोंडाभोवतीचे जाड, आंबट दल पेयासाठी किती मोलाचे आहे, याकडे लक्ष कमीच जाते. सुदान व मिसर या देशांत याच दलांचे पेय 'करकदे' म्हणून, सेनेगलमध्ये 'बिसाप' म्हणून पाहुण्यापुढे ठेवले जाते. हिवाळ्याच्या आरंभी बोंडे काढावीत, आतील बी पुढील पेऱ्यासाठी राखावे आणि दल सावलीत कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. मूठभर दल लिटरभर पाण्यात पाच-सात मिनिटे उकळून गाळले, त्यात गूळ वा साखर घातली आणि वर पुदिना चुरडला की माणिकरंगी पेय तयार होते. वाळलेले दल आंबत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. गवती चहा न्हाणीच्या पाण्यावरही फोफावतो. पुदिना मात्र कच्चा खाल्ला जात असल्याने त्यास विहिरीचेच पाणी द्यावे.

फालशाची गोष्ट निराळी. हे जांभळट फळ ऐन उन्हाळ्यात पिकते व एक-दोन दिवसांहून अधिक टिकत नाही. त्याचा पाकच करावा लागतो. गाळलेल्या एक लिटर रसास सुमारे पावणेदोन किलो साखर घ्यावी. प्रमाण ऐकून गृहिणी दचकतात आणि साखर निम्म्यावर आणतात. नेमका तेथेच घात होतो. पाकात साखर शेकडा ६५ च्या वर असली तरच यीस्टची वाढ खुंटते. पाक स्टीलच्या भांड्यात तापवावा, कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे वर्ज्य. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत तो गरम असतानाच भरावा. दीर्घकाळ साठवावयाचा असल्यास किलोमागे सुमारे ०.७ ग्रॅम खाद्य दर्जाचे सोडियम बेंझोएट थोड्या पाण्यात विरघळवून मिसळावे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट येथे वापरू नये, त्याने फालशाचा रंग उडतो. पाणी घालून पातळ केलेले शरबत त्याच दिवशी संपवावे.

बाटली उघडताना फेस आला, झाकण उडाले वा वाइनसारखा वास आला, तर ते पेय मोरीत ओतावे. चाखूनही पाहू नये. घरच्या माणसास त्याचे विशेष वाटणार नाही. परंतु उपवास करणारी स्त्री, रोजा सोडावयास आलेला शेजारी, प्रयासाने दारू सोडलेला गृहस्थ, हे सर्व यजमानाच्या शब्दावर विसंबून पेला ओठी लावतात. त्यांतही शेवटच्या गृहस्थास घोटभर आंबलेला रस पुन्हा जुन्या वाटेवर नेऊ शकतो.

शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. एका बाटलीत दाट पाक, दुसरीत तोच पाक चौपट पाणी घालून ठेवावा, दोहोंत चिमूटभर यीस्ट टाकून तोंडास फुगे बांधावेत. पातळ रसाचा फुगा फुगू लागतो, दाट पाकाचा बहुधा तसाच लोंबत राहतो. प्रयोगानंतर दोन्ही बाटल्या शिक्षकांनी स्वतःच्या हाताने रिकाम्या कराव्यात.

बचत गटांनी ही पेये विक्रीस ठेवण्यापूर्वी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी, आणि बाटलीवर पेय तयार केल्याची तारीख न चुकता लिहावी.