पांढरा पक्षी आणि कॅमेऱ्याचा हिशेब

नांगरामागे, आणि आताशा ट्रॅक्टरमागे, शेतातून डौलात फिरणारे बगळे पाहिले नाहीत असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांत सापडायचा नाही. हातोहाती मोबाइल आल्यापासून त्यांचे फोटोही पुष्कळ निघू लागले आहेत. पण ते फोटो जरा निरखून पाहा. पुष्कळशा फोटोंत बगळा म्हणजे चुन्याचा एक ठिपका असतो. त्यात पीस दिसत नाही, पंखाची घडी दिसत नाही. काहींत तो राखेत लोळून आल्यासारखा दिसतो, तर काहींत चक्क निळसर. बगळा तर पांढरा होता. मग फोटोत हे कोठून आले? आणि आले तर बिघडले काय, असेही कोणी विचारील.

बिघडते ते असे. शाळेतली मुले फोटो घेऊन येतात आणि गुरुजींना विचारतात, "हा कोणता पक्षी?" आपण 'बगळा' म्हणून मोकळे होतो खरे, पण या एका नावाखाली आपल्याकडे निदान चार निरनिराळे पांढरे पक्षी वावरतात, आणि त्यांची ओळख बरीचशी थोडक्या रंगावर अवलंबून असते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण पंजे मात्र पिवळे; जणू पिवळे मोजे घातले आहेत. गायबगळा ठेंगणा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी-बदामी झाक चढते. मोठ्या बगळ्याची चोच एरवी पिवळी असते आणि विणीच्या काळात काळी होते. मध्यम बगळा त्याच्यासारखाच, पण लहान; दोघांत संशय आला तर तोंडाची फट पाहावी. मोठ्या बगळ्याची ती डोळ्याच्याही मागे जाते. फोटोत पांढरा रंग बिघडला की त्याच्याबरोबर या सगळ्या खुणाही बिघडतात. गायबगळ्याची केशरी झाक उडाली, तर तो विणीला आला आहे की नाही हे त्या फोटोवरून कोणालाही सांगता येणार नाही. शाळेच्या नोंदवहीत मग खोटी नोंद जाते, आणि फोटो चिकटवलेला असल्यामुळे तिच्यावर विश्वासही अधिक बसतो!

आधी पांढरा रंग म्हणजे काय ते पाहू. बगळ्याच्या पिसात पांढरा रंग असा भरलेला नसतो. साखरेचा एकेक दाणा पारदर्शक असतो, पण मूठभर साखर पांढरीशुभ्र दिसते. काच कुटली की तिची पूड पांढरी दिसते. पिसाचेही तसेच आहे. त्यातल्या बारीक तंतूंवर आणि हवेच्या पोकळ्यांवर उजेड आदळतो, चहूकडे विखुरतो, आणि सगळे रंग सारखेच परत येतात. म्हणून पिसे पांढरी. याचा अर्थ असा की पडेल तो उजेड बगळा जसाच्या तसा परत करतो. सकाळच्या उन्हात सोनेरी, ढगाखाली निळसर, हिरव्यागार भातखाचरात पोटाखाली हिरवट. काळ्या कावळ्यावर यातले फारसे काही उमटत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. किती उजेड आत घ्यायचा हे ठरवणारा एक कारकून त्याच्या पोटात बसलेला असतो असे समजा. कारकून प्रामाणिक आहे, पण त्याने एकच नियम पाठ केला आहे: समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम राखी रंगाचे आहे असे धरून चालायचे. छायाचित्रकार मोजमापासाठी जो राखी पुठ्ठा वापरतात तो 100 भाग उजेडातला 18 भाग परतवतो. पांढरा कागद सुमारे 90 भाग परतवतो, म्हणजे पाचपट. उजेड दुप्पट झाला की त्याला छायाचित्रकार एक 'स्टॉप' म्हणतात. 18 चे 36, 36 चे 72, आणि वर थोडे. म्हणजे राखी आणि पांढरा यांत दोन स्टॉपांहून थोडे अधिक अंतर पडते.

आता बगळा इतका जवळ आहे की सगळी चौकट त्यानेच भरली. कारकून म्हणतो, "अरे, फारच उजेड झाला!" आणि तो कमी करतो. बगळा राखी होतो. याच्या उलट, बगळा दूर आहे, लहानसा आहे, आणि भोवती काळी जमीन किंवा सावलीतले पाणी आहे. कारकून म्हणतो, "फार अंधार आहे," आणि उजेड वाढवतो. जमीन छान दिसते आणि बगळ्याचा चुना होतो. पक्षी तोच, ऊन तेच, आणि चुका दोन उलट दिशांच्या. 'पांढऱ्या पक्ष्याला उजेड वाढवा' हा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो तो यामुळेच अर्धा आहे. चौकट पांढऱ्याने भरली असेल तर एक ते दीड स्टॉप वाढवावा, आणि पक्षी काळ्या पार्श्वभूमीवर ठिपक्याएवढा असेल तर उलट तेवढाच कमी करावा.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. ज्या कॅमेऱ्यात मोजमाप आपोआप होते त्याने आधी फळा आणि मग चुन्याची भिंत, दोन्ही चौकट भरून टिपा. दोन्ही फोटो बरेचसे सारख्याच राखी रंगाचे येतात. मुलांना याची मोठी गंमत वाटते, आणि मग अधिक-उण्याचा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मोबाइलवर हे सोपे आहे. पडद्यावर बगळ्यावर बोट टेकवावे. बहुतेक मोबाइलांत तेथे सूर्याचे एक लहान चिन्ह येते. ते खाली सरकवीत जावे, इतके की पिसांच्या रेषा दिसू लागतील. जमीन काळवंडली तरी हरकत नाही. ज्यांच्याजवळ मोठा कॅमेरा आहे त्यांनी दुसरी युक्ती करावी. त्याच उन्हातले हिरवे गवत साधारण त्या राखी पुठ्ठ्याइतकाच उजेड परतवते. गवतावर मोजमाप घ्यावे, ते कायम करावे, कडक ऊन असेल तर त्याहून थोडे कमी करावे, आणि मग बगळ्याकडे वळावे. अंदाज शक्यतो कमी उजेडाकडे झुकलेला बरा. काळवंडलेली सावली मागाहून थोडीफार उजळता येते. जळालेल्या पिसाचे मात्र काही शिल्लकच राहत नाही.

ते का राहत नाही, हेही समजून घेण्याजोगे आहे. आजचा कॅमेरा तांबडा, हिरवा आणि निळा असा उजेड तीन मापांत वेगवेगळा मोजतो. गायबगळ्याच्या केशरी मानेवरून तांबडा पुष्कळ येतो, हिरवा बेताचा, निळा थोडा. उजेड वाढला की तांबड्याचे माप काठोकाठ भरते आणि वरचे सांडून जाते. हिरव्याचे मात्र भरतच राहते. त्यामुळे केशरी आधी पिवळा होतो, आणि तिन्ही मापे भरली की पांढरा. अग्निपंखाचेही असेच होते. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर जे अग्निपंख येतात त्यांच्या अंगावरची फिकट गुलाबी झाक उजेड थोडा जास्त झाला तरी नाहीशी होते, आणि मुले वहीत 'पांढरा' असे लिहून मोकळी होतात.

राहिला उजेडाच्या रंगाचा प्रश्न. कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही आपल्याला धोतर पांढरेच दिसते, कारण डोळ्यांमागचा मेंदू उजेडाचा रंग वजा करून टाकतो. कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण अंदाजाने. भोवती हिरवे शेत असले की त्याचा अंदाज फसतो, आणि बगळा जांभळट होतो. म्हणून आपोआप चालणारी ही सोय बंद करून उन्हात 'ऊन' आणि ढगाळ हवेत 'ढग' असे स्वतः ठरवून द्यावे. मागाहून संगणकावर रंग सुधारणारे लोक बगळ्याच्या पिसावर खूण करून 'हे पांढरे समज' असे सांगतात. लहान बगळ्याच्या बाबतीत ते एक वेळ चालेल. गायबगळ्याच्या केशरी पिसावर ते केले, तर झाक धुऊन निघते आणि बाकीचा पक्षी निळा पडतो. धोतराला नीळ थोडी घातली तर ते उजळते, फार घातली तर काय होते ते सांगायला नकोच! त्याच उन्हात एक राखी पुठ्ठा आधी टिपून ठेवावा आणि त्यावरून रंग ठरवावा, हे केव्हाही अधिक बरे.

सकाळचे सोने मात्र ठेवावे की काढावे? घरात लावायच्या चित्रात ते अवश्य ठेवावे. शुभ्र करून टाकलेली पहाट माझ्या मते खोटीच दिसते. नोंदवहीसाठी मात्र ऊन वर आल्यावर, पण डोक्यावर येण्यापूर्वी, सूर्य पाठीशी ठेवून दुसरा फोटो घ्यावा आणि त्याखाली वेळ लिहावी.

या सगळ्यात अवघड पक्षी म्हणजे आपली ढोकरी. बांधावर बसलेली असते तेव्हा ती मातकट, चिखलात चिखल होऊन. आपण त्या चिखलाच्या रंगाप्रमाणे उजेड बेततो, आणि ती उडते तेव्हा एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. तेवढ्या अवधीत अधिक-उणे करायला वेळ मिळत नाही. तेव्हा ती बसलेली असतानाच, न दिसणाऱ्या त्या पंखांसाठी, उजेड एक स्टॉप कमी करून वाट पाहावी.