गर्भिणीची प्रकृति व परळ येथील संशोधन

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गर्भिणी व बाळंतीण यांच्या प्रकृतीविषयीं बोलावें, अशी आज्ञा आम्हांस झाली. उत्सवांत हा विषय कशाला, असें कोणास वाटल्यास त्यानें कोणत्याहि जुन्या धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची व मृत्यूची नोंदवही शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. एकाच आठवड्यांत बाळाचा बाप्तिस्मा व आईचें दफन, अशा नोंदी विरळ नाहींत.

सन १९२८ मध्यें ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांस गरोदरपणीं एक विलक्षण पांडुरोग जडे व त्यांत कित्येक दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें मातृमृत्यूंची चौकशी चालली होती, तींतच बाईंचें काम होतें. रोग्याच्या रक्तांत तांबड्या पेशी थोड्या, पण वाजवीपेक्षां मोठ्या व अपक्व अशा दिसत. बाईंनीं रक्ताइतकेंच ताटाकडेहि लक्ष दिलें. ताटांत भाजी नाहीं, फळ नाहीं, दूध-मांस तर नांवालाच. अ व क हीं जीवनसत्त्वें देऊन पाहिलीं. गुण आला नाहीं. मग उंदरांस तेंच गरिबाचें अन्न घातलें, तों त्यांसहि पांडुरोग झाला; अन्नांत यीस्ट मिसळल्यावर तो टळला. पुढें बीअर करतांना मागें उरणाऱ्या यीस्टचा अर्क, ज्यास मार्माइट म्हणतात, तो रोगी स्त्रियांस दिला व त्या बऱ्या झाल्या. (हा पदार्थ इतका खारट व उग्र आहे कीं तो आवडीनें खाणारा मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला!) सन १९३१ मध्यें हा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नलांत प्रसिद्ध झाला.

त्या काळीं आमच्या धर्मभगिनींस प्रसूतीचें वैद्यकीय काम करण्याची सामान्यतः मुभा नव्हती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. डॉक्टर ॲना डेंगेल यांच्यासारख्यांनीं दीर्घ खटपट केल्यावर रोमनें ती सन १९३६ मध्यें दिली.

यीस्टमधील गुणकारी द्रव्य कोणतें, हें विल्सबाईंस कळलें नव्हतें. सन १९४१ मध्यें अमेरिकेंत चार टन पालकांतून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक ॲसिड हें नांव मिळालें. तेंच हें द्रव्य होय. त्यावांचून पेशींची विभागणी नीट होत नाहीं, आणि पोटांतील गर्भ झपाट्यानें वाढूं लागला कीं मातेचा सांठा लवकर सरतो.

याहून मोठी गोष्ट सन १९९१ मध्यें उघड झाली. ज्यांस पूर्वीं मज्जारज्जूचें व्यंग असलेलें मूल झालें होतें, अशा स्त्रियांवर सात देशांतील ३३ केंद्रांत प्रयोग झाला. गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक ॲसिड घेतल्यानें तें व्यंग पुन्हां होण्याचा संभव ७२ टक्क्यांनीं कमी झाला. गर्भाची मज्जानलिका सुमारें २८ दिवसांतच मिटते. तोंवर पुष्कळ स्त्रियांस आपण गरोदर आहों हेंहि ठाऊक नसतें. म्हणून विवाहापूर्वीं वधूवरांसाठीं आपल्याकडे जे वर्ग भरतात, त्यांतच डॉक्टरकडून हा विषय सांगविला जावा, असें आमचें आग्रहाचें मत आहे.

सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत आपल्या देशांतील ५२.२ टक्के गर्भिणी रक्तक्षयी आढळल्या. लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी आरोग्यकेंद्रांत फुकट मिळतात; त्या गरोदरपणीं १८० दिवस व बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. परंतु गोळीनें मूल काळें होतें, असें घरांतील कोणी म्हातारी म्हणते आणि पुडी फडताळांत पडून राहते. गोळीनें शौच काळें होतें, मूल नव्हे. शिवाय ती चहाबरोबर घेतल्यास लोह अंगीं लागत नाहीं. प्रायश्चित्तकाळाविषयींहि एक शब्द. गर्भिणी व अंगावर पाजणारी यांस ख्रिस्तसभेनें उपवासांतून मोकळें ठेविलें आहे. तरी भक्तीच्या भरांत कोणी उपाशी राहिल्यास धर्मगुरूंनींच तिला थांबवावें, ही विनंति.

आतां मनाविषयीं. गोमंतकांतील एका जिल्हा रुग्णालयांत २७० गर्भिणींची पाहणी होऊन तिचा वृत्तांत सन २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ मातांस खिन्नतेचा विकार आढळला, आणि त्यांपैकीं अर्ध्याहून अधिक सहा महिन्यांनींहि आजारीच होत्या. दारिद्र्य व पतीशीं बेबनाव हीं मुख्य कारणें. मुलगी झाली म्हणजे त्यांचा भार अधिकच वाढे. बाप्तिस्म्याच्या जेवणावळींत सारे बाळाभोंवतीं जमतात, पण बाळंतीण रात्रीं झोंपते कीं रडते, हें कोणी पुसत नाहीं. सतत रडूं, झोंप न येणें, बाळ नकोसें वाटणें हीं आजाराचीं लक्षणें आहेत; तो श्रद्धेचा अभाव नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत.

पवित्र मरिया एलिझाबेथच्या घरीं सुमारें तीन महिने राहिली. आपल्या महिलामंडळानें निदान पंधरवड्यांतून एकदां प्रत्येक गर्भिणीच्या व बाळंतिणीच्या घरीं जावें, अशी आमची सूचना आहे. ज्या भगिनी हें काम पत्करतील त्यांनीं सभा संपतांच आपलीं नांवें सचिवांकडे द्यावीं.